आजारी घराचा वाटा



सुगी आवरली की आमच्या गावच्या बाजाराला खरी कळा चढते. माणसांच्या हातात चार पैसे खुळखुळत असतात आणि कोकणातून घाट चढून सुक्या मासळीच्या पाट्या आलेल्या असतात. आपण कोल्हापूरकडची माणसे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची, हे खरे. पण धो धो पावसात चुलीपुढे बसून भाकरीबरोबर परतलेला जवळा किंवा निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा खाल्ला, की दुसऱ्या कालवणाची आठवण होत नाही. म्हणून आमच्या घरची मंडळी पावसाळ्याच्या आधी डाळी-मिरचीच्या बेगमीबरोबर सुकटीची बेगमीही न चुकता करते.

ही सुकट आम्ही वर्षानुवर्षे एकाच मावशीकडून घेतो. बाजारतळावरच्या वडाखाली तिची जागा ठरलेली. मालवणच्या पुढे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर तिची वाडी आहे. मालवण, कणकवली, फोंडा घाट, राधानगरी असा तिचा रस्ता. येताना मासळी आणायची, जाताना आपल्याकडचा गूळ, कांदा, मिरची न्यायची, असा तिचा शिरस्ता.

परवाच्या बाजारात एक गोष्ट नजरेला आली. मावशीपुढे जवळ्याचे तीन ढीग होते. दोन ढिगांचे पैसे ती कमरेच्या पिशवीत टाकत होती. तिसऱ्या ढिगाचे पैसे मात्र पदराच्या वेगळ्या गाठीत बांधत होती. मी म्हटले, "मावशी, ही गाठ कसली? नवऱ्यापासून लपवून सोनं करताय की काय?"

ती हसली आणि म्हणाली, "ह्यो वाटो माझो न्हय, दादानू. ह्यो आजारी घराचो वाटो."

शेजारच्या घरातला कर्ता माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला होता. त्याच्या घरची मासळी मावशी विकत होती आणि पैसे जसेच्या तसे त्याच्या बायकोच्या हातात देणार होती. मी म्हटले, ही चांगली रीत आहे, पण पूर्वी कधी पाहिली नव्हती. तेव्हा तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "ही रीत आमका शिकूची लागली. शिकूक एक मानूस गेलो." ती कशी शिकली, हीच आजची गोष्ट. ती ऐकून मी घरी आलो आणि ठरवले, की या आठवड्यात आपल्या वाचकांपुढे हीच मांडायची.

दर्या होता, होडी होती

२०२० सालचा गुढीपाडवा आठवतो का? २५ मार्चचा दिवस. दारात गुढ्या उभ्या होत्या आणि त्याच दिवसापासून सारा देश बंद झाला. करोनाची साथ आली होती. आपल्याकडे भाजी रानात कुजली, कोंबडी खाल्ल्याने रोग होतो अशी आवई आधीच उठल्यामुळे कोंबडीवाले मातीमोल भावाने विकून मोकळे झाले होते. ऊसतोडीला आलेली माणसे फडातच अडकून पडली. हे सगळे आपण पाहिले, भोगले. पण घाटाखाली किनाऱ्यावर काय झाले, याची आपल्याला फारशी कल्पना नव्हती.

मासेमाराचे वर्ष आपल्यासारखेच हंगामावर चालते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि होड्या लोटायच्या. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला सरकारी बंदी. माशांची वीण होण्याचा तो काळ आणि समुद्रही खवळलेला. म्हणजे मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने त्यांच्या सुगीचे. याच दिवसांत कडक ऊन असते, मासळी सुकते, पावसाळ्याची बेगमी होते आणि कर्जाचे हप्ते फिटतात. नेमक्या याच तीन महिन्यांवर कुलूप पडले.

त्यातून आदल्या वर्षाचा फटका ताजाच होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने आणि कृष्णेने आपली काय दशा केली, ते सांगायला नको. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात उठली. वादळ किनाऱ्यावर आदळले नाही, तरी होड्या बंदरात बांधून ठेवाव्या लागल्या आणि हंगामाचे मोक्याचे दिवस वाया गेले. घाटावर पुराने झोडपले, घाटाखाली वादळाने. दोघेही आधीच लंगडत होते, आणि मग साथ आली.

मावशी सांगत होती, "दर्यो हा, होडी हा, जाळी हत. मासे गावतीत, पन विकूचे खंय?"

या एका प्रश्नात सगळे आले. मासळी म्हणजे काही ज्वारीचे पोते नव्हे, की कणगीत भरून भावाची वाट बघावी. दुधासारखेच तिचे. तासातासाला मोल उतरते. आपल्याकडे दूध संघाची गाडी साथीतही दारात येत राहिली, म्हणून गोठा तगला. मासळीला मात्र बर्फ लागतो, डिझेल लागते, बंदरावर लिलाव लागतो, टेंपो लागतो, शहरातले मासळी बाजार आणि हॉटेले लागतात. यातले एक चाक थांबले तरी गाडा थांबतो. इथे तर सगळीच चाके एकदम थांबली.

केंद्र सरकारने १० एप्रिल २०२० रोजी आदेश काढून समुद्रातली मासेमारी, मासळीची वाहतूक आणि विक्री यांना टाळेबंदीतून सूट दिली. ते योग्यच झाले. पण आदेश निघाला म्हणून बर्फाचा कारखाना त्याच दिवशी सुरू होत नाही. बाजार बंद, हॉटेले बंद, लिलावाला गर्दी करायची नाही. मोठ्या नौकांवर काम करणारे खलाशी परमुलखातले. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत तर नेपाळहून आलेले खलाशीही असतात. आपल्या फडातल्या ऊसतोड मजुरासारखीच त्यांची गत झाली. तिकडे गुजरातेत वेरावळला आंध्रातले हजारो मच्छीमार नौकांवरच अडकून पडले. एप्रिलच्या अखेरीस त्यांना बसगाड्यांनी घरी नेण्यात आले, तोवर नौका हेच त्यांचे घर होते.

मालवणकडे पूर्वापार चालत आलेली रापण आहे. होडीतून भले मोठे जाळे समुद्रात अर्धगोल टाकतात आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा ते दोराने किनाऱ्याकडे ओढतात. म्हातारा, तरुण, पोरसवदा, ज्याचा हात लागेल त्याला मासळीचा वाटा. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्या हातांचा वेगळा. आता सांगा, दोघांत सहा फुटांचे अंतर ठेवून रापण कशी ओढायची? जी रीत शेकडो वर्षे गरिबाला पोसत आली, तीच या रोगापुढे धोक्याची ठरली.

या भागात दुसरा आधार पर्यटकांचा. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग पाहायला मे महिन्यात माणसांची रीघ लागते. घरातली एक खोली पाहुण्यांना द्यायची, होडीतून फिरवून आणायचे, जेवू घालायचे. त्यावर कित्येक घरांचा पावसाळा निघतो. तोही हंगाम बुडाला.

लांब असण्याचे दोन अर्थ

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. पहिले काही महिने या वाड्यांना त्यांच्या लांबपणाने वाचवले. देवबागसारख्या गावात जायला वाट एकच. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. वाटेवर चार पोरे बसली, की कोण आले, कोण गेले ते कळते. गावोगाव ग्राम कृती दल उभे राहिले. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीच्या सेविका अशा माणसांनी बाहेरून येणाऱ्याची नोंद ठेवली, शाळांत त्यांची राहण्याची सोय केली.

बाहेरून येणारे म्हणजे कोण? आपलेच चाकरमानी. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेले लेक, भाऊ, दीर. मेमध्ये ते येऊ लागले आणि पुन्हा २२ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीसाठी आले. आईला लेक हवा आणि गावाला भीती. कुठे रुसवे झाले, कुठे दार लावून घेतले गेले. पण बहुतेक ठिकाणी शाळेच्या पडवीत जेवणाचा डबा ठेवून, लांबूनच "जेवलंस काय रे?" विचारून माणुसकी सांभाळली गेली.

आपल्याकडे जुनी माणसे प्लेगाच्या गोष्टी सांगत. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात प्लेग आला, तेव्हा लोकांना गावठाणातून उठवून मोकळ्या रानात झोपड्या घालून राहायला लावले होते. गाव ओस पडे आणि माळावर वस्ती उभी राही. करोनातही आपल्यापैकी अनेकांनी तेच केले. कुणाला ताप आला, तर त्याची खाट मळ्यातल्या वस्तीवर हलवली. शेतकऱ्याला ती सोय आहे. त्याला शेत आहे. मासेमाराला शेत कुठले? त्याचे रान म्हणजे समुद्र. वाडीत भिंतीला भिंत लागून घरे आणि होडीत खांद्याला खांदा लागून माणसे. मुंबईत वरळी कोळीवाडा २०२० च्या मार्च अखेरीसच बंद करावा लागला, तो याच दाटीमुळे. आजारी माणसाला वेगळे ठेवा, हे सांगायला सोपे. ठेवायचे कुठे?

आणि लांब असण्याचा दुसरा अर्थ दवाखान्याच्या वेळी कळतो. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. सुरुवातीला घशातल्या स्रावाचा नमुना तपासायलाही आपल्या मिरजेला पाठवावा लागे. जिल्ह्यातली प्रयोगशाळा मागाहून झाली. नमुना घाट चढून जायचा, अहवाल उतरून यायचा, तोवर घरच्यांचा जीव टांगणीला. एरवी मोठे दुखणे आले, की तिकडची माणसे गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात जातात, नाहीतर कोल्हापूरला सी.पी.आर.मध्ये येतात. मालवणहून बांबोळी शंभर किलोमीटरांच्या पुढे आणि कोल्हापूर दीडशेच्या आसपास. त्यात गोव्याने सीमा बंद केल्या आणि घाटांत नाके बसले. ज्या अंतराने रोगाला बाहेर ठेवले, त्याच अंतराने डॉक्टरलाही बाहेर ठेवले.

चूल कशी पेटत राहिली

मग त्या माणसांनी दिवस काढले कसे? मावशीला मी हेच विचारले. तिने बोटांवर मोजून सांगितले.

पहिला आधार खाऱ्या-सुक्याचा. ताजी मासळी विकली जात नाही म्हटल्यावर छोट्या होडीवाल्यांनी जेवढी मिळेल तेवढी वाळवली, खारवली. बांगडा मिठात दाबला, जवळा वाळूत नाही तर ताडपत्रीवर आणि जाळ्यांवर वाळवला. विकला नाही तरी घरात अन्न राहिले. सरकारी धान्य दुकानातला तांदूळ आणि डब्यातली सुकट यांवर पावसाळा निघाला.

दुसरा आधार बायकांचा. कोळीण असो की गाबतीण, विकण्याची कला तिच्याकडे. बाजार बंद झाल्यावर तिने पाटी डोक्यावर घेतली आणि शेजारच्या शेतकरी गावांत दारोदार गेली. कुणी पैसे दिले, कुणी तांदूळ दिला, कुणी नारळ. पोरांनी फोनवरून मागणी घेऊन मासळी घरपोच करायला सुरुवात केली. जे गिऱ्हाईक पूर्वी बंदरावर येत असे, त्याच्या दारात आता बंदर गेले.

तिसरा आधार ओळखीपाळखीचा. इथे माझ्या घरचा थोडा संबंध येतो. त्या मे महिन्यात बाजार बंद होता, मावशी येणार नव्हती. आमच्या घरच्या मंडळींनी आठवण काढली, "ती बाई काय खात असेल हो?" मी फोन लावला. बरे आहे, बरे आहे, असे ती म्हणाली, पण आवाजात बरे नव्हते. गावातला एक भाजीचा टेंपो परवाना घेऊन घाटाखाली जात असे. त्यात आम्ही एक पोते तांदूळ आणि दोन ढेपा गूळ टाकला. आठ दिवसांनी तोच टेंपो परत येताना जवळ्याची पिशवी घेऊन आला. पिशवीत चिठ्ठी होती, नातवाच्या अक्षरात: 'मावशीने सांगितले आहे, हिशेब बाजारात करू.' तो हिशेब आम्ही अजून केलेला नाही आणि करणारही नाही.

लपवलेला ताप

इथपर्यंत ऐकून वाटेल, की सगळे गोडच झाले. तसे नाही. खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये साथीची दुसरी लाट आली. ती लांबच्या वाड्यांतही शिरली. लोक वर्षभराच्या बंदीला कंटाळले होते. कर्ज थकले होते. हंगामाचे शेवटचे दिवस हातचे जाऊ द्यायला कुणी तयार नव्हते. अशा वेळी मावशीच्या यजमानांना ताप आला. पाठोपाठ तिच्या धाकट्या दिराला.

मावशीने घरात कुणाला सांगू दिले नाही. का? कारण एका घरात रोगी सापडला, की सगळी वाडी बंद होणार, होड्या थांबणार, रापण थांबणार. मग शेजारी म्हणणार, तुमच्यामुळे आमची चूल विझली. दीर तर ताप अंगावर घेऊन दोन दिवस होडीवर गेला. तिसऱ्या दिवशी त्याला बोलताना धाप लागू लागली. आशाताईने येऊन बोटाला यंत्र लावले, तेव्हा प्राणवायू फार खाली गेला होता.

त्याच दिवसांत समुद्रात 'तौक्ते' वादळ उठले. १६ मे २०२१ रोजी ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले. झाडे पडली, खांब पडले, वीज दिवसच्या दिवस गेली. देवगडला नौका बुडाल्या, खलाशांचे जीव गेले. मावशीच्या दिराला दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली, पण वाटेवर झाडे आडवी. ती कापत कापत पोचायला रात्र झाली. यजमान वाचले. दीर वाचला नाही. मागे बायको आणि दोन लहान मुले.

"वादळान मारूक नाय दादानू," मावशी म्हणाली, "आमच्या गप रवन्यान मारलो." आम्ही गप्प राहिलो म्हणून तो गेला. हे वाक्य बोलताना तिने जवळ्याचा ढीग उगाच दोनदा सारखा केला.

मंडळी, ताप लपवणारा माणूस अडाणी असतो असे आपण पटकन म्हणतो. मला ते पटत नाही. मावशीला सगळे कळत होते. पण एका हाताला आजार आणि दुसऱ्या हाताला उपाशी वाडी, असा काटा तिच्यापुढे होता. पोटाची भीती रोगाच्या भीतीपेक्षा जुनी असते. जोवर त्या भीतीचा बंदोबस्त होत नाही, तोवर कितीही फलक लावा आणि कितीही दंड करा, ताप लपतच राहणार.

वाडीने काय ठरवले

तेराव्यानंतर वाडीची बैठक भरली. जुना खोत नव्हे की पुढारी नव्हे, रापणीतल्याच म्हाताऱ्यांनी बोलावली. आणि त्यांनी एक साधी गोष्ट ठरवली. रापणीत जसा जाळ्याचा वाटा असतो, होडीचा वाटा असतो, तसा यापुढे आजारी घराचा वाटा असेल. ज्या घरात दुखणे आहे, त्या घरातला एकही हात दोराला लागला नाही तरी त्याचा वाटा किनाऱ्यावर वेगळा निघेल. तो वाटा कुणीतरी विकेल आणि पैसे घरी पोचवील. घरात ताप आला की लपवायचे नाही. सांगितले, तर वाटा. लपवले, तर वाटा नाही.

मावशी म्हणते, त्यानंतर वाडीत ताप लपला नाही. लस आली तेव्हाही असेच झाले. आधी लोक बिचकत होते. शिवाय लस द्यायची वेळ दिवसाची आणि होड्यांची वेळही तीच. मग बैठकीने सांगितले, सुई टोचून घ्यायला गेलेल्याचा त्या दिवसाचा वाटा बुडणार नाही. लोक गेले.

करोना ओसरला, रीत मात्र राहिली. परवा मावशीच्या पदराच्या गाठीत होते ते याच रीतीचे पैसे.

आपल्या दारचे पाणी

आता आपल्याकडे वळतो. घाटाखालची गोष्ट ऐकून 'बिचारे' म्हणणे सोपे आहे. पण २०२१ च्या जून-जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातच साथ हटता हटत नव्हती, आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा महापूर आला. पुरातून उठवलेल्या माणसांना दाटीवाटीने एका शाळेत ठेवायचे आणि रोगासाठी अंतरही राखायचे, हा पेच आपल्यालाही पडला होता. आणि खरे सांगा, आपल्यापैकी किती घरांत तेव्हा ताप लपवला गेला? दूध बंद होईल, गडी येणार नाहीत, सोयरीक मोडेल. कारणे वेगळी, लपवणे तेच.

मासेमार आपल्या जिल्ह्यातही आहेत. पंचगंगेच्या, भोगावतीच्या, कृष्णेच्या काठी भोई समाज पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकतो. नदीचे पाणी बिघडले, की पहिल्यांदा कळते त्यांना, कारण जाळ्यात मेलेला मासा येतो. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच आपण पाहिला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली, तीही घाण मिसळलेल्या पाण्यानेच. नदीत मासा मरतो तेव्हा त्याला भोयाचे नुकसान म्हणून सोडून देऊ नका. ती आपल्या घागरीला दिलेली हाळी असते. भोई ओरडून सांगतो तेव्हा गावाने ऐकले पाहिजे, ग्रामपंचायतीने पाणी तपासून घेतले पाहिजे आणि तोवर घरोघरी पाणी उकळून प्यायले पाहिजे.

मासेमार आणि शेतकरी यांच्यातली भिंत आता सरकारनेही कमी केली आहे. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळू लागले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे तो आता कागदोपत्रीही आपला भाऊ झाला. ज्यांच्या गावात भोई किंवा तलावावर मासे धरणाऱ्यांची सोसायटी आहे, त्यांनी या गोष्टी त्यांच्या कानावर घालाव्यात.

आता शेवटचे आणि कामाचे. आपल्याकडे रापण नाही, पण पैरा आहे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. या पैऱ्यातच आजारी घराचा वाटा बसवता येईल. गावच्या दूध सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा. ज्या घरात दुखणे आहे, त्याच्या गोठ्यातले दूध डेअरीला कोण घालील? त्याची पाण्याची पाळी कोण धरील? त्याची जनावरे, त्याची भांगलण, त्याच्या मुलांचा डबा कोणाकडे? नावे आधी ठरवून ठेवा. साथ आल्यावर बैठक घ्यायला वेळ मिळत नाही.

त्यासोबत एवढे करा. गावात बोटाला लावायचे प्राणवायूचे यंत्र एक तरी असू द्या. करोनासारख्या आजारात आकडा ९४ च्या खाली गेला, की वाट न पाहता दवाखाना गाठायचा. रात्री-अपरात्री गाडी कोणाची निघेल, तिचा फोन नंबर आशाताईकडे लिहून ठेवा. पावसाळ्यात भाताच्या खाचरात काम करणाऱ्यांनी पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप तिथूनच अंगात शिरतो. कोकणात त्याने अनेक बळी घेतले आहेत. वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो, पण वेळेवर मिळायला आधी तो सांगावा लागतो.

आणि घरातल्या बाईला विशेष सांगणे. घरात ताप कुणाला आहे हे सगळ्यांत आधी तुम्हांला कळते, आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही स्वतःचा सांगता. आधी तुमचा सांगा.

परवा बाजार उठताना मावशीने पाटी आवरली, पदराची गाठ पुन्हा एकदा चाचपली आणि गुळाची ढेप टेंपोत चढवली. मी म्हटले, "मावशी, तो जुना हिशेब राहिलाय." ती म्हणाली, "रवांदे. हिशेब रवलो तर येना-जाना रवता." हिशेब राहिला तर येणे-जाणे राहते.

खरेच आहे. तुमच्याही गावात असे काही हिशेब राहू द्या.

बरे आहे तर. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.